माझ्या चित्राच्या तोंडाला आलेला साबण

"आई, तोंडावर हे काय उठलंय?" सुनेनं विचारलं तेव्हा मी भरिताची वांगी भाजत होते. या वयात तारुण्यपिटिका आल्या की काय, असं वाटून मला क्षणभर बरंच वाटलं. मी पदरानं गाल पुसला. सून म्हणाली, "तुमच्या नाही हो. चित्राच्या."

चित्र माझंच आहे. जळगावच्या या घरात, जेवणाच्या खोलीत, कूलरच्या बरोबर समोरच्या भिंतीवर ते वर्षानुवर्षं टांगलेलं आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी आमच्या ह्यांनी काढलेलं. हे शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. जन्मभर त्यांनी फळ्यावर केळी आणि मडकी काढली, गणपतीचे पडदे रंगवले, स्नेहसंमेलनाला पुठ्ठ्याचे किल्ले केले. पण तैलरंगात त्यांनी एकच चित्र काढलं, ते माझं. ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या हाताचं म्हणून घरात उरलंय ते एवढंच.

चष्मा लावून जवळ गेले. गालावर, कपाळावर बारीक साबुदाण्यासारखे पांढरे दाणे वर आले होते. काहींनी तर रंग फोडून डोकं बाहेर काढलं होतं. हनुवटीवर हिरवट डाग. आणि एके काळचं गोरंपान तोंड मळक्या उशीच्या अभ्र्यासारखं झालेलं.

मुलगा म्हणाला, "बुरशी आहे." आमच्या मुलाच्या मते घरातली कुठलीही बिघडलेली गोष्ट एक तर बुरशीनं बिघडते, नाहीतर वायरिंगनं. त्याचं नवं घर बांधून होत आलं होतं आणि हे चित्र तिथल्या हॉलमध्ये लावायचं त्यानं ठरवलं होतं. "माझ्या ओळखीचा एक पेंटर आहे, बॅनर करतो. रविवारी बोलावतो. तोंड खरवडून एकदम नवं काढून देईल."

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "त्याला सांग, नाक जरा सरळ काढ."

हसू नका. मी अशीच आहे. तेव्हा तर याहून वाईट होते.

माझं माहेर चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याचं. रानात हिंडून मी भाजलेल्या हरभऱ्याच्या घाट्यासारखी झाले होते. लहानपणी जत्रेत एका गोंदणाऱ्या बाईनं माझ्या हनुवटीवर तीन ठिपके गोंदले होते. आई म्हणायची, पोरीच्या जातीला तेवढाच दागिना, मेल्यावरसुद्धा बरोबर जातो. मला त्या ठिपक्यांचा मोठा अभिमान होता. तो लग्न होऊन धुळ्याला येईपर्यंत टिकला.

धुळ्यात आमच्या शेजारच्या बायका शिकलेल्या. नळावर त्या माझ्याशी फार गोड बोलायच्या. "मास्तरीणबाई, हे ठिपके धुतल्यावर जात नाहीत का हो?" मी घरी येऊन हनुवटी राखेनं घासायची. राखेनं कातडी जायची, ठिपके तसेच. मग मी बोलताना हनुवटीवर पदर धरायला शिकले. मला वाटायचं, ती फार खानदानी अदा आहे. सासूबाई विचारायच्या, "दाढ दुखस का तुनी?"

अशा या सुंदरीचं चित्र काढायचं मास्तरांनी मनावर घेतलं. तैलरंगाच्या नळ्या महाग. पगारात बसणाऱ्या नव्हत्या. म्हणून ह्यांनी जुगाड केला. पांढरा रंग म्हणजे दारं-खिडक्या रंगवायला मिळायचा तो शिशाचा सफेदा. तो त्यांनी दुकानातून पुडीत आणला. तेल घाण्यावरचं, जवसाचं. ते पातळ होतं, म्हणून पितळी परातीत ओतून गच्चीवर उन्हात ठेवायचं, म्हणजे दाट होतं. त्याच गच्चीवर सासूबाईंच्या बिबड्या वाळत घातलेल्या. ज्वारीच्या पापडांची, म्हणजे बिबड्यांची एक रांग, मग मास्तरांची परात, मग परत बिबड्या. सासूबाई दिवसभर काठी घेऊन राखण करायच्या. "बठ्ठ्या माश्या आठेच मरी राहिन्यात!" साऱ्या माश्यांना मरायला हीच जागा सापडली, असं ओरडून त्यांनी त्या परातीवर स्वतःचं जुनं लुगडं पसरलं. त्या वर्षी आम्ही खाल्लेल्या बिबड्यांना जवसाचा वास येत होता. तो वास अजून कुठे आला, एखाद्या नव्या रंगवलेल्या दाराजवळ, तर मला आधी भूक लागते.

रविवारी दुपारी बैठक असायची. मी खिडकीशी बसायचं, हलायचं नाही. मला तर देवळातल्या कीर्तनातही हलल्याशिवाय बसता यायचं नाही. ह्यांचं आपलं, "अगं, पदर खाली घे. हनुवटी दिसू दे." मी घ्यायची. त्यांनी पाठ वळवली की परत वर.

चित्र पूर्ण झालं आणि त्यांनी मला दाखवलं. मी बघतच राहिले. सावळी, किंवा सावळी कसली, चांगली काळी मुलगी, नाक जरा बसकं, आणि हनुवटीवर तीन ठिपके, एकेक जणू मोजून ठेवलेला. डोळे मात्र असे, की आत्ता काहीतरी खोडी काढून आलीय.

"कोण ही?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? तू."

"ही मी? कॅलेंडरवरच्या बायका कशा असतात, बघितल्यात का तुम्ही कधी? बायकोला चांगली काढायची सोडून—"

आणि मी रडायला लागले. नुसती रडले नाही, तर जेवण सोडलं. म्हणजे सगळ्यांदेखत सोडलं. मागच्या दारी बसून गूळ-शेंगदाणे खात होते. काय ती ऐट! मी जेवेना म्हणून हेही जेवले नाहीत. एका चित्रापायी नवऱ्याला उपाशी ठेवलं, स्वतः मात्र गूळ हाणला. आज तशी सून मला मिळाली असती, तर मी तिला दुसऱ्या दिवशी चोपड्याच्या गाडीत बसवली असती.

संध्याकाळी हे म्हणाले, "बरं बाई. चेहरा खरवडून टाकतो आणि गोरा काढतो. झालं?"

"आणि ठिपके?"

"तेही जातील."

त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. आत फक्त सासूबाई होत्या, डाळ निवडत. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. करकर, करकर. चाकूनं रंग खरवडल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. चार रविवारांनी गोरीपान मी तयार झाले. इतका सफेदा लावला होता, की नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीनं कुंकू लावावं, तशी मी दिसत होते. मला तेच हवं होतं. शेजारणींना घरात बोलावून चहा पाजला.

सासूबाईंनी चित्राकडे एकदा बघितलं आणि भाकरी थापता थापता म्हणाल्या, "भाकर पलटी दिधी म्हनीसन काळी बाजू कोठे जात नही, पोरी. खालेच राहस." मला वाटलं, टोमणा मारला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते बहुतेक कळलंही नाही.

पण खरी करामत पुढची आहे. ती आजवर ह्यांच्याशिवाय घरात कोणालाच ठाऊक नव्हती.

दिवाळीची पहिली आंघोळ आमच्याकडे सगळ्यांना. पोरं, पोरी, म्हातारी माणसं, गोठ्यातली गायसुद्धा. तेल चोळायचं, उटणं लावायचं. त्या वर्षी माझ्या मनात आलं, सगळ्यांना तेल, मग भिंतीवरच्या मलाच का नाही? तेलानं केसाला तेज येतं, लाकडी दाराला येतं, पाळण्यातल्या मुलाला येतं. मग चित्राला का येऊ नये? सगळे न्हाणीपाशी गोळा झाले होते तेवढ्यात मी बोटावर शेंगदाण्याचं तेल घेतलं आणि चित्राच्या गालाला, कपाळाला, हनुवटीला चोळलं. चमकलं की हो! मग काय, दर दिवाळीला तोच नेम. एकदा ह्यांनी पकडलं आणि पोट धरून हसले. म्हणाले, "अगं, ते चित्र आहे, लोणचं नाही!" त्यानंतर मी जरा लवकर उठायला लागले, एवढाच फरक.

तर सांगायचं म्हणजे, पेंटर रविवारी येणार होता आणि शुक्रवारी संध्याकाळी माझी नात कॉलेजातून आली. ती रसायनशास्त्र शिकते. चित्र बघून तिनं दप्तर खाली टाकलं. तिचं पाठीवरचं ते पोतं, त्याला मी अजून दप्तरच म्हणते.

"याला कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"अगं, बुरशी आहे ती," तिचा बाप म्हणाला.

"बाबा, बुरशी दाणेदार असते का? हा साबण आहे."

आम्ही जेवायला बसतच होतो. मी विचारलं, "कपडे धुवायचा?"

"तोच प्रकार, आजी. तू धुळ्याला साबण करायचीस ना? बाबा सांगतात."

करायचे. महिला मंडळात. माहेरून मोहाच्या बियांचं तेल आणायचे, त्यात कॉस्टिक सोडा. पहिला घाणा असा जमला, की सासूबाईंच्या लुगड्याचा काठ निघून आला.

"तुझ्या साबणात तेल आणि सोडा. इथे तेल आणि शिसं," नात म्हणाली. "जवसाच्या तेलात आम्लं असतात, तेलात बांधलेली. वर्षानुवर्षं ऊन खाल्लं, दमट हवा खाल्ली, की ती हळूहळू सुटी होतात. ती सुटली, की सफेद्यातल्या शिशाला जाऊन धरतात. झाला शिशाचा साबण. मग तो एका जागी गोळा होतो, फुगतो, आणि रंग फोडून वर येतो."

"फेस येतो का?"

"नाही. पाण्यात विरघळतच नाही तो."

"मग कसला मेला साबण."

पण ती हसली नाही. म्हणाली, "आजी, पेंटरनं खरवडलं ना, तर दाण्याबरोबर सगळा रंगच सुटून येईल. आजोबांच्या हाताचं तोंड जाईल आणि त्या माणसाच्या हाताचं येईल. चालेल तुला?"

तोवर माझ्या डोक्यात हा विचारच आला नव्हता. मला वाटत होतं, तोंड काय, माझंच आहे, माझ्याजवळ दुसरं आहेच. पण हात ह्यांचा होता, आणि तो दुसरा कुठून आणायचा? माझ्या ताटातलं भरीत तसंच राहिलं. या वेळी मागच्या दारी गूळ-शेंगदाणे नव्हते.

नातीच्या मॅडमच्या ओळखीत एक बाई होत्या, जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या. राहायला नाशिकला, पण माहेर फैजपूरचं आणि त्या वेळी नेमक्या माहेरी आलेल्या. शनिवारी दुपारी आमच्याकडे आल्या. येताना पिशवीभर केळी आणली, हे मला आवडलं. डोक्याला भिंग बांधलं, बॅटरी आडवी धरली आणि माझ्या चित्राच्या तोंडाजवळ स्वतःचं तोंड नेलं. आमचे डॉक्टरसुद्धा मला इतक्या जवळून बघत नाहीत.

"याला तेलबिल कोणी लावलं होतं का?" त्यांनी विचारलं. "वर चिकट थर आहे, त्यात सगळी धूळ बसलीय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडेच का बघावं? पण मी सांगून टाकलं. दिवाळी, आंघोळ, सगळं. नात डोक्याला हात लावून खाली बसली. "आजी! किती वर्षं?"

"जळगावला येईपर्यंत. इथे ते उंचावर टांगलं, मग माझा हात पोचेना."

बाई हसल्या. "तुमच्या तेलाचा वाटा थोडाच, आजी. साबणाला लागणारं तेल मुळात चित्राच्याच रंगात होतं. खरं काम केलं ते इथल्या उन्हाळ्यानं आणि समोरच्या कूलरनं. ऊन आणि ओल, दोन्ही भरपूर."

इतकी वर्षं नेमानं तेल लावलं आणि मोठेपणा सगळा कूलरला. मला जरा वाईटच वाटलं.

मग त्यांनी कापसाच्या बोळ्यानं हनुवटीची एक कडा पुसली. अगदी नखाएवढी. धुळीचा चिकट थर निघाला. त्या थांबल्या, भिंग वर केलं, परत खाली केलं.

"हा डाग नाहीये," त्या म्हणाल्या. "हा खालच्या रंगातला ठिपका आहे. एक, दोन... तिसरा अजून अंधुक आहे."

मी स्वतःची हनुवटी चाचपली.

"सफेदा पांढरा दिसतो, कारण त्यातून आरपार दिसत नाही," बाई समजावत होत्या. "पण त्याचा साबण व्हायला लागला, की तो पारदर्शक होत जातो. भजी ठेवलेल्या कागदातून मागची अक्षरं दिसतात ना, तसं. गोऱ्या रंगाखाली आधी काढलेला एक चेहरा आहे. सावळा. तो वर दिसायला लागलाय."

"तो नाही," मी म्हणाले. "तो खरवडून टाकला होता. मी आवाज ऐकला होता."

त्यांनी बॅटरी परत आडवी धरली, गालावरून कपाळापर्यंत नेली. "खरवडल्याची एकही खूण नाही, आजी. खालचा थर अगदी अखंड आहे. वरून फक्त पातळ हात दिलाय."

मग मास्तर त्या दिवशी काय खरवडत होते? रंग कालवायची फळी. दुसरं काय असणार? दार लोटून, मला ऐकू जाईल अशा बेतानं, फळी खरवडत होते. आणि आत सासूबाई डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांना माहीत होतं. भाकरीचं बोलल्या तो टोमणा नव्हताच, त्या मला सांगत होत्या. आणि मी अबोला धरून बसले. मायलेकांनी मिळून मला बनवलं आणि दोघंही जन्मभर गप्प राहिले. त्या दिवाळीला मला तेल चोळताना पकडल्यावर हे का एवढे हसले, तेही आत्ता कळलं. मी वरच्या गोरीला तेल लावत होते आणि ते खालच्या काळीकडे बघत होते.

मला हसू यायला लागलं, मग दुसरंही काही आलं. सुनेनं पाणी आणून दिलं.

"झालेला साबण परत मागे नेता येत नाही," बाई म्हणाल्या. "वरची घाण काढता येईल. जे दाणे सैल झालेत त्यांच्याभोवती रंग धरून ठेवता येईल. कूलरपासून लांब, उन्हापासून लांब ठेवलं तर पुढचं बरंच हळू होईल. आणि रंगाचं म्हणाल, तर ठिपके झाकून चेहरा होता तसा गोरा करून देता येईल; नको तेव्हा काढता येईल असा रंग लावते मी. किंवा आहे तसा ठेवू. तुम्ही सांगा."

मुलगा लगेच म्हणाला, "होता तसा. आईला गोराच आवडतो." त्याला लहानपणापासून तेच ठाऊक, पाहुणे आले की मी त्यांना आधी चित्रासमोर नेऊन उभं करायची.

मी चित्राकडे बघितलं. साबणाच्या पुळ्या आलेली, अर्धवट गोरी, अर्धवट काळी. कॅलेंडरवरची बाई म्हणावी, तर तिची हनुवटी आमच्या रानातली. आणि डोळे? डोळ्यांना त्यांनी दुसऱ्यांदा ब्रश लावलाच नव्हता, हे मला इतक्या वर्षांनी दिसलं. गोऱ्या तोंडात पहिल्यापासून ते काळीचेच डोळे होते, खोडी काढून आलेले.

"आहे तशी राहू द्या," मी म्हणाले. "घाण तेवढी काढा."

"आई, नवा हॉल आहे," मुलगा म्हणाला, "लोक विचारतील, तोंडाला काय झालंय."

"सांग, आंघोळ चाललीय. साबण लावलाय, अजून धुवायचाय."

पेंटरला नको म्हणून सांगायचं मुलगा विसरला. रविवारी तो ब्रश, डबे घेऊन हजर. आता आलाच आहे तर, म्हणून मी त्याच्याकडून नव्या घराची पाटी रंगवून घेतली. भरीत-भाकरी वाढली. जेवता जेवता तो चित्राकडे बघून म्हणाला, "अक्का, कोणाचं शे हाई?"

"मनंच," मी म्हणाले.

त्यानं चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हनुवटीकडे. माझे ठिपके आता सुरकुत्यांत असे गेलेत, की हनुवटी ताणून दाखवावी लागते. मी ताणून दाखवली. "हाव," तो म्हणाला आणि पुढे जेवायला लागला.

बाईंनी चित्र नाशिकला नेलं आणि पावसाळा संपता संपता परत आणून दिलं. आता ते नव्या हॉलमध्ये, आतल्या भिंतीवर आहे. कूलर लांब. नातीनं ताकीद दिलीय, दिवाळीला कोणी तेलाचा हात लावायचा नाही. त्या सकाळी ती स्वतः चित्राखाली पाट टाकून बसली. मग मी तिलाच तेल चोळलं, मनसोक्त, कानामागे, मानेवर. ती ओरडत होती. तिचा रंग माझ्यावर गेलाय. मी तिला कधी सांगितलं नव्हतं, या वेळी सांगितलं. "मग?" ती म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलंच नाही.

तिसरा ठिपका अजून अंधुकच आहे. बाई म्हणाल्या होत्या, थंड कोरड्या जागेत ठेवलं तर तो नीट वर यायला खूप वर्षं लागतील, आणि न आला तर उत्तमच, म्हणजे साबण थांबलाय असं समजायचं. चित्रासाठी उत्तम. पण माझ्याकडे खूप वर्षं कुठली? मे महिन्यात दुपारी घरात कोणी नसतं. कूलरला चाकं आहेत. मी एकदा तो ढकलत हॉलच्या दारापर्यंत नेला. तोंड त्या भिंतीकडे वळवलं, बटणावर बोट ठेवलं.

चित्रातली काळी माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं, मी काय करणार ते. तिनंही तेच केलं असतं.

मी कूलर परत स्वतःकडे वळवला, चालू केला आणि आरामखुर्चीत झोपून गेले.